टीका आणि अपमान

प्रश्न : राजकीय वादात कडक टीका कुठे संपते आणि अपमान कुठे सुरू होतो?

उत्तर : भाषेचा तिखटपणा ही कसोटी नव्हे, उत्तर देण्याजोगा मुद्दा शिल्लक राहतो का, हे पाहावे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद हा याचा बोलका दाखला आहे. मुलींचे संमतिवय १० वरून १२ करण्याला गोपाळ गणेश आगरकरांचा आपल्या ‘सुधारक’ पत्रातून पाठिंबा होता, परक्या सरकारने कायद्याने धर्माचारात हात घालू नये, असे टिळक मांडत. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले हे मित्र पुढे एकमेकांवर जहरी लिहीत, कधी तोलही सुटे. तरी दोघांचे युक्तिवाद वाचकाला तपासता येत. पुण्यात आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तिच्यात मात्र खोडण्यासारखे काहीच नव्हते. होती ती निव्वळ दहशत.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, मगच खोडावे. जात, शरीर किंवा घरच्या माणसांवर घसरलेल्या वाक्याला उत्तर देऊ नये. मूळ प्रश्न शांतपणे पुन्हा विचारावा.