पथनाट्य : टाळ्यांच्या पुढे काय?

गॅदरिंग जवळ आलं की आपल्याकडे पथनाट्याचे वारे वाहू लागतात. विषय ठरलेले असतात : हुंडा, व्यसन, स्त्रीभ्रूणहत्या, जातिभेद. काळे कुर्ते, एक डफली, शेवटी जोरदार घोषणा आणि टाळ्या. मागच्या वर्षी आम्हीही समतेवर पथनाट्य बसवलं. त्यात एक खेडूत होता. आमच्यापैकी बहुतेक जण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले (मीसुद्धा!). त्यामुळे खेडूत म्हणजे तोंड वाकडं करून बोललेली गावंढळ मराठी, एवढंच आम्हाला सुचलं. तालमीत सगळे पोट धरून हसले. ब्रह्मपुरीकडचा एक मित्र मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. अन् बोललं तरी त्यात हसण्यासारखं काय आहे?"

समतेचं नाटक करताना आपण नेमकं कोणाला हसत होतो? या प्रश्नामुळे मी थोडं वाचन केलं. त्यातलं काही इथे मांडतो.

सुरुवात आपल्याच मातीत

महात्मा फुले यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एक जोशी गरोदर शेतकरी स्त्रीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, असं त्याचं कथानक आहे. मधूनमधून विदूषक येऊन खरं काय चाललंय ते सांगतो. शेवटी नवरा-बायको शाळेत जाऊन शिकायचं ठरवतात. तिसरं रत्न म्हणजे शिक्षण, तिसरा डोळा! दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारलं आणि ते छापून यायला 1979 साल उजाडलं. म्हणजे तब्बल 124 वर्षं!

पुढे सत्यशोधक जलसे आले आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. जलसेवाल्यांनी लोकांच्या ओळखीचा तमाशाचा बाज ठेवला, पण आतला विषय बदलला. महत्त्वाचं म्हणजे गाणारे-बोलणारे स्वतः त्याच वस्तीतले होते. कोणी बाहेरून येऊन त्यांना उपदेश करत नव्हतं.

1955 मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' नाटक बाबासाहेबांच्या उपस्थितीत झालं. 1956 च्या धर्मांतराच्या वेळी ते आपल्या नागपुरातही झालं. दलित रंगभूमीचा अभ्यास करताना या नाटकाचं नाव टाळता येत नाही.

ज्याचं दुखतं, त्याने बोलावं

प्रेमानंद गज्वी हे मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका 1970 च्या दशकातली. पाणी ही तर निसर्गाची वस्तू. पण ते कोणी भरायचं आणि कोणी ताटकळत उभं राहायचं, हे जात ठरवते. या एवढ्याशा गोष्टीवर ती उभी आहे. मोठा सेट लागत नाही, म्हणून ती कुठेही करता येते आणि ती अनेक भाषांत गेली. गज्वींनीच पुढे 'किरवंत' लिहिलं. त्यात अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच जातभाई कसं दूर ठेवतात ते दिसतं. 2019 मध्ये नागपुरात 99 वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष गज्वीच होते.

स्त्रियांच्या बाबतीत तेच काम ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' ने केलं. 1983 पासून स्त्री मुक्ती संघटनेने त्याचे गावोगाव प्रयोग केले.

प्रेक्षकच उठून येतो

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या 'फोरम थिएटर'ची पद्धत अशी :

1. अन्यायाचा एक छोटा प्रसंग करून दाखवायचा. शेवट पराभवाचा.
2. तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांपैकी कोणीही "थांबा!" म्हणू शकतो.
3. त्याने पुढे येऊन, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी उभं राहायचं आणि वेगळा मार्ग करून बघायचा.
4. समोरचे नट सहजासहजी हार मानत नाहीत. त्यामुळे कोणता उपाय चालतो आणि कोणता फसतो, ते सगळ्यांसमोर दिसतं.

अन्याय करणाऱ्याला एकदम साधू बनवून प्रश्न सोडवायचा नाही, कारण खऱ्या आयुष्यात तसं होत नाही. बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था खेड्यापाड्यांत हे काम करते आहे.

आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर घोषणेवर संपणारं पथनाट्य म्हणजे ओपन लूप. आपण आउटपुट दिलं आणि घरी गेलो. समोर काय झालं, पत्ता नाही. फोरम थिएटरमध्ये फीडबॅक आहे. प्रेक्षकाचं उत्तर परत नाटकात येतं.

मग आपण काय करायचं?

यंदा आम्ही त्या ब्रह्मपुरीच्या मित्राला म्हटलं, "खेडुताची भूमिका तूच लिही." तो म्हणाला, "आधी विषय मी ठरवतो." त्याने विषय दिला तो हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यातल्या एका प्रश्नाचा : "सीईटीचा स्कोअर किती रे तुझा?" या प्रश्नामागे खरं काय विचारलेलं असतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हा प्रश्न आमच्यापैकी काहींनी विचारलेला आहे आणि काहींनी ऐकलेला आहे.

दूरच्या गावातल्या अन्यायावर नाटक करणं आम्हाला सोपं गेलं होतं. हे जड जाणार. प्रयोग कॅन्टीनसमोर करणार आहोत, शेवटी घोषणा नसेल. या, बघा आणि वाटलं तर "थांबा!" म्हणा.