लसणाचा वास जातो, हिरड्यांचा राहतो



या महिन्याचा आरोग्य पाठ आपल्या रोजच्या लसणावर आहे. ठेचा, झुणका, सावजी रस्सा, आपल्या नागपूरकडे लसणाशिवाय जेवण होत नाही. पण बैठकीला किंवा बँकेत जायचं म्हटलं की काही जणी तोंडाला पदर लावतात, मागच्या रांगेत बसतात. हिशेब तोंडपाठ असतो, पण तोंडाला वास येतो म्हणून बोलत नाहीत. म्हणून हा वास कुठून येतो आणि कोणत्या वासाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे समजून घेऊ.

वास कुठून येतो?

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतले दोन घटक एकत्र येतात आणि गंधक असलेले उग्र पदार्थ तयार होतात. जेवल्यावर त्यांचा वास दोन वाटांनी येतो. पहिली वाट तोंडाची. दातांत अडकलेले कण चूळ भरून, ब्रश करून निघतात. दुसरी वाट रक्ताची. पोटातून हा वास रक्तात जातो, तिथून फुप्फुसांत आणि घामात उतरतो. 1936 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाला नळीने थेट पोटात लसणाचं सूप दिलं. तोंडाला लसूण लागला नाही, तरी श्वासाला वास आलाच!

म्हणून कितीही दात घासले तरी हा वास लगेच जात नाही, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. यात अस्वच्छता नाही, त्यामुळे लाजायचं कारणही नाही.

घरच्या घरी काय करायचं?

- जेवणासोबतच दही किंवा साय न काढलेलं दूध घ्या. नंतर घेण्यापेक्षा सोबत घेतलेलं जास्त उपयोगी पडतं.
- पुदिन्याची कच्ची पानं चावून खा. पुदिना कुंडीतही येतो. कच्चं सफरचंदही चालतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाने दूध, दही, पुदिना, सफरचंद यांवर अभ्यास केला आहे.
- महत्त्वाच्या कामाच्या दिवशी कच्च्या ठेच्याऐवजी अख्ख्या पाकळ्या शिजवलेली भाजी खा. न ठेचता शिजवला तर वास कमी होतो.
- घामाच्या वासासाठी रोज आंघोळ आणि धुतलेले सुती कपडे. अत्तर, पावडर वास फक्त झाकतात.

लसूण न खाताही वास येतो?

इथे थांबून विचार करा. लसणाचा वास एक-दोन दिवसांत जातो. तो आठवडेच्या आठवडे राहत असेल, तर लसणाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा कारण तोंडातच असतं: सुजलेल्या हिरड्या, किडलेला दात, जिभेवरचा थर. रात्री झोपताना ब्रश करा, जीभही हलक्या हाताने साफ करा.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते. खर्रा, मिसरी, गुडाखू यांनी तोंडाला वास येतो, हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो. पुढचं काहीही दिसलं तर वाट पाहू नका:

- दोन आठवड्यांत न भरलेली जखम
- पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंड कमी उघडणं, तिखट न सोसणं
- हिरड्यांतून रक्त, हलणारा दात

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, नंदनवनहून ते जवळच पडतं.

हे करू नका

दुखऱ्या दातावर कच्चा लसूण दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लसूण सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर रोज कच्चा लसूण किंवा लसणाच्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बैठकीत चर्चेसाठी

1. ब्रश केल्यावरही लसणाचा वास का राहतो?
2. आपल्या गटात किती जणींनी दात तपासून घेतले आहेत?
3. खर्रा किंवा मिसरी सोडू पाहणाऱ्या ताईला गट काय मदत करेल?

एखादी ताई तोंडावर पदर धरून बसली असेल, तर तिला हसू नका. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारा आणि गरज असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.

— क्षेत्र समन्वयक, नंदनवन, नागपूर