मधल्या वर्षाबद्दल घरात बोला

चांगली चाललेली नोकरी सोडून मुलगा किंवा मुलगी वर्षभर फिरून आली, परत आल्यावर महिने उलटले तरी काम मिळत नाही, आणि घरात त्या विषयावर कुणी धड बोलतही नाही. अशा घरांतल्या आईबाबांशी मला आज बोलायचंय. पुण्यात आयटीतल्या भरतीचं काम मी बरीच वर्षं केलं. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे दिसतं ते घरातून दिसत नाही, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

आपल्या ओळखीतले कुणी काका निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघाले, तर आपण त्यांना वाकून नमस्कार करतो. परत आले की मावंद्याला जेवायला जातो, अनुभव ऐकतो. तीच परिक्रमा, नदी उजव्या हाताला ठेवून केलेली तीच जवळपास तीन हजार किलोमीटरची पायपीट अठ्ठाविशीतल्या मुलीने केली, की मात्र ‘हिला काय सुचलं हे’ असं आपल्या तोंडून निघतं. तिला कुणी अनुभव विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘मग आता पुढे काय?’

अशीच एक मुलगी मुलाखतीला आली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अनुभव चांगला, बोलणं स्वच्छ. मधल्या वर्षाबद्दल विचारलं आणि तिची नजर खाली गेली. ‘फॅमिली रीझन्स,’ ती पुटपुटली. मी जरा थांबले, पुन्हा मायेने विचारलं, तेव्हा कळलं की ती पायी परिक्रमा करून आली होती. मग ती विमलेश्वरबद्दल सांगू लागली. तिथून नर्मदेचं मुख ओलांडून मिठीतलाईला जायला नाव घ्यावी लागते आणि नाव भरतीची वेळ साधूनच सुटते. तटावर परिक्रमावासी खोळंबलेले. कुणाला ताप, कुणाचे पाय सुजलेले, कुणाला हिंदीही येत नाही. हिने वहीत सगळ्यांची यादी केली, आजारी माणसांना आधी बसवलं, उरलेल्यांची समजूत घातली. हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, हात चालू होते, आवाज मोकळा झाला होता. ‘फॅमिली रीझन्स’ म्हणणारी मुलगी कुणी वेगळीच वाटावी इतका फरक. असं का सांगितलंस, विचारल्यावर ती म्हणाली, ‘घरी म्हणाले, फिरत होते असं मुळीच सांगू नकोस.’

तिला ती जागा मिळाली नाही, पण त्याचं कारण परिक्रमा नव्हतं. तिचा अनुभव हाताने टेस्टिंग करण्याचा होता आणि आम्हाला सेलेनियम हे आपोआप टेस्टिंग करायचं साधन येणारं माणूस हवं होतं. हा फरक तुम्ही समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात: हातातलं काम विसरलं नाही ना, नवं शिकलंय का, आणि पुन्हा सोडून जाणार नाही ना. या तिन्हींना उत्तरं देता येतात. लाजून दिलेल्या उत्तराने मात्र शंका वाढते, कारण समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवलं जातंय. आणि लपवूनही फार काळ लपत नाही. रुजू होण्याआधी रिलिव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा मागतात, मागच्या कंपन्यांकडे चौकशी होते. प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन नोकरी बदलली तरी तोच राहतो; कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले गेले ते त्यात दिसतं. आजारपणाची किंवा घरच्या अडचणीची खोटी गोष्ट तुम्ही प्रेमापोटी सुचवता, पण ती मुलांना महागात पडते. लिंक्डइनने 2022 मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेक लिहायची वेगळी सोय केली. तिथे सरळ ‘प्रवास’ असं लिहिता येतं.

ते वर्ष ताठ मानेने सांगायची सवय मुलाखतीच्या खोलीत लागत नाही, ती घरात लागते. ज्या घरात त्या वर्षाचा उल्लेख फक्त ‘उगाच सोडलीस नोकरी’ एवढाच होतो, त्या घरातली मुलं बाहेरही तेच वाक्य मनात घेऊन बसतात. म्हणून त्यांना विचारा. कुठे राहिलात, सर्वांत कठीण दिवस कोणता, पैसे कसे पुरवलेत. फोटो बघा. उलटसुलट प्रश्न विचारा, अगदी नोकरी देणारा विचारेल तसेही. रोज संध्याकाळी ‘काही आलं का?’ हे मात्र विचारू नका. आलं तर ते धावत येऊन सांगणारच आहेत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक जाच असतो. ‘नोकरी नाहीच आहे तर एवीतेवी स्थळं बघून घेऊ,’ असं कुणीतरी सुचवतं आणि घर त्या दिशेला वळतं. कृपा करून थांबा. लग्न हा तिच्या आयुष्यातला मोठा निर्णय आहे, रिकामा वेळ भरून काढायचं साधन नव्हे. ‘सध्या काय करते?’ असं कुणी विचारलं तर तिच्यादेखत सांगा, ‘वर्षभर प्रवास केला, आता काम शोधते आहे.’ तुम्ही न अडखळता हे म्हणालात, तर तिलाही म्हणता येईल.

आता थोडं व्यवहाराचं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो आणि त्यात पुष्कळदा आईवडिलांचीही नावं असतात. घरात आज कुणाला विमा आहे ते आधी बघा. फंडातले पैसे शक्यतो मोडायला लावू नका. फंडाबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा हिस्सा काढून घेतला तर आधीची वर्षं त्यात धरली जात नाहीत. कोर्सची फी आणि सकाळचे दोन-तीन तास निवांत खोली, एवढं देता आलं तर जरूर द्या. बायोडाटात ‘लगेच रुजू होऊ शकते’ हे वरच लिहायला सांगा. आयटीत अनेक ठिकाणी नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो. प्रोजेक्टला माणूस तातडीने हवा असतो, तेव्हा तीन महिने थांबायला कुणाला परवडत नाही.

पहिली ऑफर जुन्या पगारापेक्षा कमी येण्याची शक्यता आहे. कंत्राटी कामही पुढे येईल. ते घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. तुमच्या पेन्शनीत, तुमच्या साठवणुकीत घर आणखी किती महिने निभावेल तो खरा आकडा मात्र त्यांच्यासमोर ठेवा. कमी असला तरी ठेवा, जास्त असला तरी ठेवा.