शेजारचे वाय-फाय आणि शंख-लिखिताची गोष्ट

अस्तेय म्हणजे चोरी न करणे. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी हा तिसरा, आणि मुलांना शिकवायला सर्वांत सोपा वाटणारा. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही, एवढे सांगितले की झाले, असे आपल्याला वाटते. पण मुले हुशार असतात. ती विचारतात, "शेजाऱ्याचे वाय-फाय वापरले तर ती चोरी कशी? त्याचे तर काहीच कमी होत नाही!" आणि मग आपली, मोठ्यांची, पंचाईत होते. कारण बेसिंगस्टोकला नव्याने आलेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न कधीतरी येऊन गेलेला असतो. घर भाड्याने मिळते, पण ब्रॉडबँड सुरू व्हायला आठ-पंधरा दिवस जातात. तिकडे पुण्याला आईवडील नातवंडांचे तोंड बघायला खोळंबलेले, आणि इकडे लॅपटॉप उघडावा तर पलीकडच्या घराचे नाव पडद्यावर. मध्ये एकच भिंत. लाटांना भिंतीचे काय?

"लाटा आपण होऊन आमच्या घरात येतात" हे पहिले समर्थन. ते जरा तपासून पाहू. शेजाऱ्याने रेडिओ लावला आणि भिंतीतून गाणे ऐकू आले, तर ऐकणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. त्याच्या अंगणातल्या दिव्याचा उजेड आपल्या पायरीवर पडला तरी तसेच. पण वाय-फाय म्हणजे नुसते ऐकणे नव्हे. आपला संगणक त्याच्या राउटरकडे मागणी पाठवतो, राउटर ती त्याच्या तारेवरून पुढे धाडतो आणि आलेले उत्तर आपल्याला आणून देतो. बाहेरच्या जगाला त्या मागणीवर पत्ता दिसतो तो त्याच्या घराचा. तेव्हा हे रेडिओ ऐकण्यापेक्षा त्याच्या दिवाणखान्यात शिरून त्याचा फोन उचलण्याच्या अधिक जवळचे आहे.

"त्याचे काही कमी होत नाही" हे दुसरे. वीस वर्षांपूर्वी अनेक ब्रॉडबँड करारांना महिन्याची मर्यादा असे, आणि ती ओलांडली की शेजाऱ्याच्या बिलात वाढ होई. आता बहुतेक करार अमर्याद झाले आहेत, त्यामुळे तो मुद्दा दुबळा झाला हे मान्य. पण आपण त्याचे काय वापरतो? वेग थोडासा, आणि नाव पूर्ण. नाव वापरले जाते म्हणजे काय होऊ शकते, ते आपल्या महाराष्ट्रातच घडून गेले आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल आला होता. तपास करणारे पोहोचले ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत. तिथे राहत होते एक अमेरिकन गृहस्थ. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासणीसाठी नेले गेले, त्यांचे नाव देशभर वर्तमानपत्रांत छापून आले. प्रत्यक्षात त्यांच्या घरचे वाय-फाय असुरक्षित होते आणि ते दुसऱ्यानेच वापरले होते. पुढच्याच महिन्यात अशाच ईमेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे जाळे वापरले गेले, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे. फेब्रुवारी २००९ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. आईशी बोलण्यासाठी जोडणी वापरणारा आणि हे लोक यांची तुलना करणे अन्यायाचे होईल, आणि तसे मला म्हणायचेही नाही. मात्र घरमालकाच्या दृष्टीने पाहा: आपल्या तारेवर अनोळखी कोण आहे आणि तो काय करतो आहे, हे त्याला दोन्ही वेळी ठाऊक नसते.

इथला कायदाही याबाबत मुका नाही. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या १२५ व्या कलमानुसार, पैसे चुकवण्याच्या हेतूने अप्रामाणिकपणे दूरसंचार सेवा मिळवणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २००५ मध्ये आयझलवर्थच्या क्राउन कोर्टाने ईलिंगमधील एका माणसाला याच कलमाखाली ५०० पौंड दंड केला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या व ६६ व्या कलमांत परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात शिरण्याची तरतूद आहे.

पण कायद्यापेक्षा मला या विषयात महाभारतातली एक कथा जास्त जवळची वाटते. शांतिपर्वात व्यास ती युधिष्ठिराला सांगतात. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, बाहुदा नदीच्या काठी आपापल्या आश्रमात राहत. एकदा लिखित शंखाच्या आश्रमात आला. शंख बाहेर गेलेला. झाडाला पिकलेली फळे होती; ती तोडून लिखित खात बसला. शंख परतला आणि त्याने विचारले, फळे कुठली? लिखिताने हसत सांगितले, इथलीच. शंख म्हणाला, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि शिक्षा माग. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार होता, पण लिखिताने दंडच मागितला आणि त्याचे हात तोडले गेले. पुढे शंखाच्या सांगण्यावरून बाहुदेत स्नान करून तर्पण करू लागताच त्याला हात पुन्हा प्राप्त झाले.

शिक्षा आज आपल्याला भयंकर वाटते, आणि वाटायलाच हवी. लक्षात घेण्यासारखे दुसरेच आहे. फळे सख्ख्या भावाची. कुंपण नाही, कुलूप नाही. शंखाचे नुकसान म्हणावे तर नगण्य. विचारले असते तर त्याने टोपली भरून दिली असती. तरीही शंख फळांचा हिशेब करत नाही. भाऊ विचारण्याआधी घेऊन मोकळा झाला, एवढेच त्याला खुपते. "त्याचे काय कमी झाले" या प्रश्नाला ही कथा उत्तरच देत नाही, कारण तो प्रश्न तिच्या लेखी गैरलागू आहे.

मग जे जे उघडे ते सारे वर्ज्य का? तसे नाही. पाणपोईही उघडीच असते. वाचनालयातले किंवा कॉफीच्या दुकानातले वाय-फाय ही पाणपोई. पाटी लावून बोलावलेले असते. शेजाऱ्याचा रांजण पडवीत आहे म्हणून तो पाणपोई होत नाही. आपला फोन न सांगता एखाद्या जाळ्याला चिकटला तर त्यात पाप काही नाही. कळल्यावर तोडले म्हणजे झाले. उलट, "तुमचे जाळे कुलुपाविना आहे" असे शेजाऱ्याला सांगितले तर तो आभारच मानेल.

हल्ली राउटर पासवर्डसहच घरी येतात, त्यामुळे उघडी दारे कमी झाली आणि प्रश्नाने रूप पालटले. पाहुणा म्हणून एकदा मिळालेला पासवर्ड वर्षभर चालवणे, मित्राच्या मुलाकडून तो काढून घेणे, दूरच्या भावाच्या खात्यावर चित्रपट पाहणे, ही लिखिताचीच भावंडे. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि भारतात घराबाहेरची भागीदारी बंद केली तेव्हा किती मंडळी हिरमुसली, हे आपण पाहिलेच.

नव्याने आलेल्यांनी मात्र संकोच करू नये. इंग्रज शेजाऱ्याचे दार वाजवायला जड वाटते खरे, पण ताटलीभर लाडू हातात असले की ते बरेच हलके होते. पंधरा दिवसांची मुदत सांगावी, खर्चाचा वाटा देऊ करावा, आणि पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे बऱ्याच राउटरवर असते, तेच मागावे. नाही म्हणाला तर राग मानू नये. आपली जोडणी सुरू झाली की त्याचा पासवर्ड फोनमधून काढून टाकावा, आणि तसे त्याला सांगूनही यावे.