भयानक रस आणि हातातला खेळ

साहित्यशास्त्राच्या तासाला रसविचार शिकताना शृंगार, वीर, करुण यांवर आपण बराच वेळ घालवतो. भयानक रसाची वेळ येते तेव्हा तास संपत आलेला असतो. व्याख्या, स्थायीभाव भय, वर्ण काळा, देवता काल, एवढे वहीत उतरवून घेतले की आपण पुढच्या रसाकडे वळतो. हा रस मला वर्गात कळला नाही. तो कळला एका खेळण्याच्या यंत्रावर, रात्री गोधडीत. म्हणून हा लेख.

माझा आतेभाऊ मुंबईला नोकरी करतो. गणपतीला गावी आला तेव्हा त्याने आपले जुने 'प्लेस्टेशन पोर्टेबल' मला देऊन टाकले. सोनी कंपनीचे हे यंत्र जपानात २००४ च्या डिसेंबरात प्रथम विक्रीला आले. त्याचा पडदा साधारण सव्वाचार इंचांचा, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. त्यात एक खेळ होता, 'सायलेंट हिल : ओरिजिन्स'. इंग्लंडातील क्लायमॅक्स या संस्थेने तो तयार केला आणि जपानच्या कोनामी कंपनीने २००७ साली बाजारात आणला. या जातीच्या खेळांना 'सर्व्हायवल हॉरर' म्हणतात. १९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल'पासून हे नाव रूढ झाले. शत्रूला मारून गुण मिळवणे हा त्यांचा हेतू नाही. अंधारात, अपुऱ्या साधनांनिशी, जीव वाचवून बाहेर पडायचे.

या खेळाचा नायक राजपुत्र नाही, शिपाई नाही. तो ट्रक ड्रायव्हर आहे. ट्रॅव्हिस ग्रेडी त्याचे नाव. रात्री उशीर झाला म्हणून तो जवळच्या रस्त्याने निघतो. अचानक समोर कोणी आडवे येते, तो करकचून ब्रेक दाबतो. मग एक मुलगी दिसते. तिच्यामागे तो गाडी सोडून पायी धुक्यात शिरतो आणि त्या ओसाड गावात अडकतो.

पोलादपूर तालुक्यातल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. पावसाळ्यात कशेडी चढताना किंवा आंबेनळीने महाबळेश्वराकडे जाताना धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, फक्त तिचे दिवे दिसतात. आता कशेडीला बोगदा झाला, तरी घाटातल्या बाईच्या आणि रस्त्यात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. गंमत अशी, की १९९९ च्या पहिल्या 'सायलेंट हिल'मधले धुके कलेच्या गरजेपोटी नव्हे, तर यंत्राच्या दुबळेपणातून आले. त्या वेळच्या यंत्राला दूरवरचा देखावा एकदम रेखाटणे झेपत नसे. मग तो धुक्याने झाकला, आणि तेच धुके त्या खेळाची ओळख होऊन बसले.

आता मूळ विषयाकडे येते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्हे-घुबडांची भीती, ओसाड घर, अरण्य. ही यादी समोर ठेवून मी खेळ पाहू लागले. ओसाड इस्पितळ, वेड्यांचे रुग्णालय, रिकामे नाट्यगृह, रिकामे मॉटेल : शून्यागारे चार मिळाली. विकृत आवाजासाठी नायकाजवळ एक लहान रेडिओ आहे. पिशाच्च जवळ आले की तो खरखरू लागतो. दिसत काहीच नाही, नुसती खरखर. कानात इअरफोन घालून ती ऐकणे हा काय प्रकार आहे, ते सांगून कळणार नाही.

अनुभावांपाशी मात्र माझी गाडी अडली. हातपाय थरथरणे, रोमांच, चेहऱ्याचा रंग उतरणे, आवाज फुटेनासा होणे हे अनुभाव भरतांनी नटासाठी सांगितले. नट ते दाखवतो आणि प्रेक्षक रस घेतो. अभिनवगुप्तांनी तर भयानकाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतला'तले पळणारे हरिण घेतले आहे. ते पाहताना 'मी भ्यालो', 'तो भ्याला' असा भेद उरत नाही, भय कोणा एकाचे राहत नाही. हेच साधारणीकरण. भय सुसह्य होते, आस्वाद्य होते, ते त्यामुळेच.

खेळात नेमके उलटे घडते. ट्रॅव्हिस फारसा थरथरत नाही. थरथरतो तो माझा अंगठा. आणि त्या थरथरण्याची किंमत मोजावी लागते. पिशाच्चाने धरले की पडद्यावर दिसेल ते बटण त्याच क्षणी दाबायचे असते. भ्यालेल्या बोटाने चुकीचे दाबले की संपले. नट आणि प्रेक्षक यांच्यामधली रंगमंचाची कड येथे पुसली जाते, अनुभाव प्रेक्षकाच्या अंगावर येतात. नायक मेला की मी 'ट्रॅव्हिस मेला' म्हणत नाही, 'मी मेले' म्हणते. नारायण धारपांची भयकथा वाचताना फार भीती वाटली तर पुस्तक मिटता येते, पान उलटून पुढचे आधी वाचता येते. चित्रपटात डोळे मिटले तरी गोष्ट पुढे सरकते. येथे मी पाऊल टाकले नाही तर कोणीच टाकत नाही. दार मलाच उघडावे लागते.

त्यातच हत्यारे टिकत नाहीत. टोस्टर, टाइपरायटर, लहान टी.व्ही., जे हाताशी येईल ते उचलायचे. चार तडाख्यांत ते मोडते. विजेरी पेटवली तर वाट दिसते, पण पिशाच्चांनाही आपण दिसतो. दर वेळी हिशेब करावा लागतो. साधारणीकरणाच्या व्याख्येत हा खेळ बसवावा की तिच्याबाहेर ठेवावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे.

एका मुद्द्यावर मात्र भरतमुनींशी माझा वाद आहे. भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांच्या ठायी असते, असे ते सांगतात. स्त्रियांची बाजू मी मांडली तर कोणी पक्षपात म्हणेल. म्हणून दुसऱ्या वर्गाबद्दल लिहिते.

माझे वडील ट्रक चालवतात. एका रात्री त्यांनी सुरुवातीचा प्रसंग माझ्या खांद्यावरून पाहिला. म्हणाले, "असा कोण गाडी सोडून जातो? निदान पार्किंग लाइट तरी लावून जायचं." मी हसले. मग त्यांनी बाज ओढली आणि कधी न सांगितलेले सांगितले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच दिवशी दुपारी बाबा त्या पुलावरून माल घेऊन मुंबईकडे गेले होते. बातमी आली तेव्हा ते पनवेलला गाडीत झोपलेले होते आणि आम्ही घरी त्यांच्या फोनची वाट पाहत जागे. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. त्यानंतर किती तरी महिने कोणताही पूल आला की त्यांचे तळहात घामेजत, स्टिअरिंग निसटेल असे वाटे. ते फडके मांडीवर ठेवून गाडी चालवत. क्लीनरला सांगत, उकडतंय. २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. त्यावरून पहिल्यांदा जाताना त्यांनी काच खाली करून पाण्याचा आवाज ऐकला होता.

"तुझ्या त्या रेडिओसारखं," ते म्हणाले.

खेळ मी दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केला. सर्व संकटांतून सुटून ट्रॅव्हिस शेवटी आपल्या ट्रककडे परततो. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते जेवत होते. त्यांनी एवढेच विचारले, "गाडी जागेवर होती ना?"