आधी पन्हा पाहा, मग लेन्स घ्या

व्यापारी व कारागीर बंधूंनो, पूर्वी माल चांगला असला म्हणजे भागत असे. ग्राहक गाळ्यावर येई, ताग्यावरून हात फिरवी आणि सौदा ठरे. आज दूर गावचा खरेदीदार आधी फोटो मागतो. नुसत्या कापडाचा नव्हे, तर दुकानाचा, गोदामाचा आणि कारखान्याचाही. समोरचा माणूस किती पाण्यात आहे, हे तो फोटोवरूनच ठरवतो.

अडचण अशी की आपल्या जागा अरुंद. मागे सरकावे तर पाठ भिंतीला लागते आणि समोरचे अर्धे रॅक फोटोबाहेर राहते. अशा वेळी फार रुंद दृश्य घेणारी लेन्स लागते, जिला अल्ट्रा-वाइड म्हणतात. ती निवडताना आम्ही एकदा मार खाल्ला आहे. तोच सबक आज येथे मांडत आहोत.

आमची चूक

आमच्या गाळ्यात मालाची एक भिंत १४ फूट लांब आहे. तिच्यासमोर उभे राहायला जागा फक्त ७ फूट. भाच्याकडे निकॉनचा लहान सेन्सरचा कॅमेरा होता आणि त्यावर कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स. तीत सगळी भिंत येईना. एका दुकानदाराने सांगितले, "१६-३५ घ्या, १६ म्हणजे अल्ट्रा-वाइड." लेन्स वजनदार, काच मोठी आणि किंमतही तशीच. हंगामाच्या नफ्यातला चांगला तुकडा देऊन ती आणली. पहिला फोटो काढून भाचा म्हणाला, "मामू, हे तर पहिल्यासारखंच दिसतंय."

तो खरे बोलत होता. जुन्या लेन्समध्ये भिंतीचे सुमारे ९ फूट येत होते, नव्या लेन्समध्ये सव्वादहा. एवढा पैसा घालून पदरात पडले सव्वा फूट. दुकानदार खोटे बोलला नव्हता. १६ ची लेन्स अल्ट्रा-वाइड असतेच, पण मोठ्या सेन्सरवर. आमचा सेन्सर लहान आहे हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा पन्हा

कापडवाल्याला ही गोष्ट पन्ह्याच्या भाषेत लगेच समजते. समजा डिझाइन ३६ इंच पन्ह्यासाठी काढले आहे. तेच २४ इंची कापडावर छापले तर डिझाइन लहान होत नाही, दोन्ही कडा कापल्या जातात. लेन्सचेही तसेच आहे. लेन्स आत चित्र टाकते. सेन्सरचा पन्हा जेवढा, तेवढेच चित्र तो उचलतो. बाकीचे वाया जाते.

बाजारात मुख्यतः चार पन्हे आहेत. पहिला फुल फ्रेम, रुंदी ३६ मिलिमीटर व उंची २४. हे माप जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीवरून आले आहे. दुसरा निकॉनचा लहान सेन्सर, ज्याला ते डीएक्स म्हणतात. त्याची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर. सोनीच्या लहान सेन्सरचे मापही जवळपास हेच. तिसरा कॅननचा लहान सेन्सर, सुमारे २२.३ मिलिमीटर. चौथा मायक्रो फोर थर्ड्स, जो पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांत येतो आणि ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यांतही येत असे. त्याची रुंदी १७.३ मिलिमीटर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही जण म्हणतात की लहान सेन्सरच्या लेन्सवर आकडा आधीच बदलून छापलेला असतो. तसे नाही. १० छापले असेल तर ती १० चीच लेन्स आहे, मग ती कोणत्याही सेन्सरसाठी बनवलेली असो. हिशेब आपणच करायचा.

हिशेब असा करावा

फीत घेऊन दोन मापे घ्या. पहिले, फोटोत किती रुंदी यायला हवी. दुसरे, तिच्यापासून कॅमेरा जास्तीत जास्त किती दूर ठेवता येतो. रुंदीला अंतराने भागा. जो आकडा येईल, त्याने सेन्सरच्या रुंदीला भागा. उत्तर आले ती लेन्स हवी. त्याहून लहान आकडा चालेल, मोठा चालणार नाही.

आमचीच भिंत घेऊ. १४ फुटांना ७ फुटांनी भागले, आले २. आता प्रत्येक पन्ह्याला २ ने भागू.

फुल फ्रेम: ३६ भागिले २, म्हणजे १८. येथे १६-३५ उत्तम चालली असती.
निकॉन डीएक्स: २३.५ भागिले २, म्हणजे पावणेबारा. येथे १०-२० सारखी लेन्स हवी.
कॅननचा लहान सेन्सर: २२.३ भागिले २, म्हणजे ११ च्या थोडे वर. येथे १०-१८ हवी.
मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ भागिले २, म्हणजे साडेआठच्या थोडे वर. येथे ७-१४ चालेल. ९-१८ थोडक्यात कमी पडेल.

भिंत एकच, अंतर एकच, पण लेन्स चार प्रकारच्या. हा हिशेब सपाट भिंतीसाठी आणि कॅमेरा समोर सरळ धरला असेल तेव्हाचा आहे. फिशआय नावाच्या लेन्सला तो लागू नाही. तिच्यात रॅकच्या फळ्या धनुष्यासारख्या वाकतात. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका.

हिशेबाचा दुसरा फायदा असा की कधी कधी खर्च टळतो. एका जरीकाम करणाऱ्या बंधूंच्या खोलीत १० फुटांची भिंत होती आणि मागे ८ फूट जागा. १० भागिले ८, आले सव्वा. निकॉनच्या २३.५ ला सव्वाने भागले, आले १८.८. म्हणजे कॅमेऱ्यासोबतची १८-५५ च पुरेशी. नवी लेन्स घेण्याची गरजच नव्हती.

कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर बसते

लेन्सवरील अक्षरे वाचायला शिका. निकॉनवर डीएक्स, कॅननवर ईएफ-एस किंवा आरएफ-एस असेल तर ती लहान सेन्सरची लेन्स. सोनीत नुसते ई असेल तर ती बहुधा लहान सेन्सरची, एफई असेल तर फुल फ्रेमची.

मोठ्या सेन्सरची लेन्स त्याच कंपनीच्या, त्याच माउंटच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लागते, पण वजन व किंमत जास्त आणि रुंदी कमी. उलट केले तर नुकसान वेगळे. निकॉनची डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर लावली तर कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे १० च्या आसपास उरतात. कॅननची ईएफ-एस तर त्यांच्या जुन्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही.

निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत आणखी एक मेख आहे. एएफ-पी प्रकारची १०-२० लेन्स डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर फोकस करू शकत नाही. म्हणून आपला कॅमेरा सोबत घेऊनच दुकानात जा आणि लावून पाहा.

पैसा कोठे वाचवावा

दुकान, गोदाम किंवा फर्निचरचा फोटो हलत नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून एफ ८ वर सावकाश फोटो काढता येतो. म्हणून एफ २.८ ची महाग लेन्स घेण्याचे कारण नाही. लग्नाचे काम करणाऱ्या बंधूंना मात्र कमी उजेडात तिचा उपयोग होतो.

"पुढे फुल फ्रेम घेऊ" म्हणून आज मोठी लेन्स घेऊ नका. हातात असलेल्या कॅमेऱ्यासाठी घ्या. सेकंडहँड घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत पाहा. जाळ्यासारखे किंवा धाग्यासारखे दिसले तर ती बुरशी समजा व सौदा सोडा. कोकण, मुंबई, भिवंडीच्या दमट हवेत हा रोग फार. घरीही लेन्स सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. आखातातील नातेवाईकांकडून मागवत असाल तर तिची वॉरंटी भारतात चालते का, ते आधी विचारा.

शेवटची व महत्त्वाची गोष्ट

अल्ट्रा-वाइड लेन्समध्ये जवळची वस्तू फार मोठी व मागची फार दूर दिसते. त्यामुळे छोटी खोली दालनासारखी भासते. कडेला उभा असलेला माणूस ताणलेला दिसतो, त्याला मध्यभागी घ्या. कॅमेरा वर-खाली झुकवू नका, नाहीतर रॅकचे खांब तिरपे पडतील.

चुकीच्या लेन्सचा सौदा तोट्यात मोडून आम्ही १०-२० घेतली आणि हौसेने सर्वात रुंद फोटो पाठवले. एक खरेदीदार ते पाहून आला. गाळ्याच्या दारात थांबून म्हणाला, "फोटोत तर जागा बरीच मोठी होती." माल त्याने घेतला, पण पहिल्या ऑर्डरमध्ये हात आखडता ठेवला. त्याच्या नजरेतली शंका आम्हाला लेन्सच्या नुकसानीपेक्षा जास्त बोचली. आता आम्ही गरजेपुरतीच रुंदी घेतो आणि फोटोखाली जागेचे माप फुटांत लिहितो.

तागा मापात कमी निघाला तर ग्राहक परत येत नाही. फोटोचेही माप असते, हे ध्यानात ठेवा. उद्या सकाळी गाळा उघडल्यावर फीत काढा, आपल्या भिंतीचा हिशेब कागदावर मांडा आणि मगच बाजारात जा.