तीर्थनचा ट्राउट: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

हिमाचलमध्ये बंजारच्या वरच्या अंगाला वाहणाऱ्या तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट आहे. मूळचा तो युरोपातला. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणला आणि काही वर्षांतच कुलूच्या नद्यांतही सोडला. थंड, स्वच्छ पाणी त्याला मानवलं आणि आता तो तिथे आपोआप वाढतो. तो फ्लायवर पकडायला पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘रॉड कुठला घेऊ?’ माझं म्हणणं असं, की रॉडचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

साध्या गळाला वजन असतं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. फ्लाय म्हणजे आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन जवळपास नसतंच. इथे जाड, जड दोरीच फेकायची असते आणि फ्लाय तिच्यामागे ओढला जातो. त्यामुळे स्वस्त रॉड चालून जातो, स्वस्त दोरी मात्र चालत नाही. साडेआठ ते नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड, रीळ आणि दोरी असा नवशिक्याचा संच साधारण आठ ते पंधरा हजारांत येतो. त्यातली दोरी बेताची निघाली, तर दोन-तीन हजार वेगळे घालून चांगली ‘फ्लोटिंग’ दोरी घ्यावी. रॉडवर तीस हजार घालण्याचं पहिल्या दोन-तीन हंगामांत काहीच कारण नाही. एकदाच जाऊन बघायचं असेल तर विकतही घेऊ नका. वाटाड्यांकडे संच भाड्याने मिळतो, दिवसाला पाचशे ते हजारात.

आता वाटाड्या. दिवसाचे अडीच ते चार हजार घेतो आणि हा खर्च मी कधीच कापणार नाही. तीर्थन ही मैदानी नदी नव्हे. मोठमोठ्या धोंड्यांमधून ती खळाळत येते, काठावरची झाडं पाण्यावर वाकलेली असतात, मागे दोरी भिरकवायला जागाच नसते. इथे ‘रोल कास्ट’ लागतो. दोरी मागे न नेता पाण्यावरूनच उचलून पुढे लोळवत टाकायची. हे पुस्तक वाचून येत नाही, शेजारी उभं राहून कुणी मनगट धरून दाखवलं की सकाळभरात हाताला लागतं.

मासा कुठे आहे हेही वाटाड्याच दाखवतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या पाठीमागून जायचं. धोंड्याच्या आडोशाला पाणी संथ असतं, बाजूने वेगाची धार जाते. मासा त्या संथ पाण्यात थांबतो आणि धारेतून येणारा किडा टिपतो. फ्लाय धोंड्याच्या हातभर वर, धारेच्या कडेला पडायला हवा आणि पाण्याच्याच वेगाने वाहत यायला हवा. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली, की फ्लाय पाणी कापत तिरका पळतो. खरा किडा असा पळत नाही, मासा लगेच संशय घेतो. त्यावर उपाय एकच: जवळ जा, रॉडचं टोक उंच धरा आणि दोरी पाण्याला टेकूच देऊ नका. पंधरा-वीस फुटांची फेक पुरते. लांब फेकण्याची हौस इथे उपयोगाची नाही.

फ्लाय साठ ते दीडशे रुपयांना एक. डझन-दीड डझन न्यावेत, कारण धोंड्यांत आणि फांद्यांत काही जाणारच. डोक्याला मणी असलेले बुडणारे ‘निम्फ’ जास्त घ्या, तरंगणारे ‘अॅडम्स’ आणि ‘कॅडिस’ थोडे. आकड्याचा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा इजा न होता सुटतो. पोलराइज्ड चष्मा हजार-दीड हजाराचा असला तरी चालेल, पण हवाच. त्याशिवाय पाण्याच्या तळाचं काही दिसत नाही.

राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना या सगळ्या खर्चात किरकोळ, पण त्याशिवाय गळ टाकायचा नाही. चालू दर आणि नियम निघण्याआधी विचारून घ्या. बहुतेक होमस्टेवाले परवाना काढून देतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, तो अंडी घालण्याचा काळ. मार्च-एप्रिल उत्तम. पुढे बर्फ वितळून पाणी चढतं, पावसाळ्यात ते गढूळ आणि धोक्याचं होतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पुन्हा छान.

दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसने औटला उतरायचं, एका बाजूचे बाराशे ते अठराशे. तिथून तीर्थनकाठच्या गुशैणी गावापर्यंत टॅक्सी हजार-दीड हजार. दोन वेळच्या जेवणासह होमस्टे माणशी दीड ते अडीच हजार. चार रात्री, दोन दिवस वाटाड्या, भाड्याचा संच आणि फ्लाय धरून दिल्लीपासून पुढचा खर्च ठोकळमानाने बावीस ते पंचवीस हजार. दोघे गेलात तर वाटाड्या आणि टॅक्सी निम्म्यावर येते. सुट्ट्यांच्या गर्दीत दर चढतात.

निघण्याआधी महिनाभर गावातल्या मैदानावर सराव करा, दोरीच्या टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून. तो पैशाविना होतो आणि वाटाड्याचा पहिला दिवस वाचवतो.

मासा हातात आला तर हात आधी ओले करा, त्याला पाण्यातच धरा, फोटो झटपट काढा आणि तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः निसटेपर्यंत सोडू नका. जंगली ब्राउन ट्राउट ताटात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. खायचाच असेल तर खोऱ्यात शेततळ्यांतला रेनबो ट्राउट मिळतो. होमस्टेच्या ताईंना सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे रात्री ताजा तळून मिळतो.